पिल्लाचा पाय कुणी मोडला? मानेवाड्यातल्या एका पिंजऱ्याचं प्रकरण

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो. तो झाला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच फोन वाजला. नागपुरातल्या मानेवाड्याकडच्या एका घरून होता. "डॉक्टर मॅडम, आमच्या गिनी पिगला तीन पिल्लं झाली. त्यातल्या एकाचा मागचा पाय लटकून राहिला. पोरीच्या हातून पडलं ते." मागून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला, "तिले दहादा सांगतलं होतं, हात नको लावू म्हनून!" आणि त्याच्याही मागे कुणीतरी मुसमुसत होतं.

फोन ठेवण्याआधी त्या ताईंनी आणखी एक विचारलं. मुलीच्या घशासाठी महिन्याभरापूर्वी आणलेलं अँटिबायोटिकचं सिरप फ्रीजमध्ये उरलं होतं, त्यातले दोन थेंब पिल्लाला देऊन आणू का? सिरपचं नाव ऐकलं आणि मी जवळजवळ ओरडलेच. ते अमॉक्सिसिलिन होतं. पेनिसिलिनच्या कुळातली ही औषधं तोंडावाटे दिली की गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात, त्यांच्या जागी विष तयार करणारे वाढतात आणि काही दिवसांत जनावर हातचं जातं. मोडलेला पाय बरा करता येतो, पण या दोन थेंबांनी बिघडलेलं आतडं बहुतेकदा सावरत नाही. विचारून घेतलं म्हणून ते पिल्लू वाचलं, असं मी आजही म्हणते.

फोनवर ऐकता ऐकता मी केस पेपरवर इजेच्या कारणापुढे लिहून टाकलं होतं, 'हातातून पडल्याने'. तासाभरात मला ते खोडावं लागलं.

दवाखान्यात

पिल्लाला एकट्याला आणू नका, आई आणि भावंडंही सोबत आणा, असं मी सांगितलं होतं. बुटांच्या खोक्यात जुनी ओढणी अंथरून सगळं कुटुंब आलं. आई संत्रा बर्फीच्या रंगाची, म्हणून तिचं नाव बर्फी. पिल्लांची नावं मुलीनं एका दिवसात ठेवून टाकली होती : मोहरी, जिरू आणि तिळू. पाय जिरूचा मोडला होता.

ज्यांनी गिनी पिगची पिल्लं पाहिलेली नाहीत त्यांना ती पहिल्यांदा पाहताना आश्चर्य वाटतं. उंदराची पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात. ही मात्र अंगभर केस, उघडे डोळे आणि तोंडात दात घेऊनच येतात. काही तासांत आईमागे धावायला लागतात आणि दुसऱ्या दिवशी गवताची काडी कुरतडताना दिसतात. मोठ्या जनावराची छोटी प्रतिकृतीच. म्हणूनच घरच्यांची एक गफलत होते. ही लहानशी मोठी जनावरंच आहेत असं वाटून मोठ्यांच्या पिंजऱ्यात त्यांचं भागेल असं सगळे धरून चालतात.

वजनकाट्यावर मोहरी ९० ग्रॅम, तिळू ८६ आणि जिरू ७२. जिरूचा उजवा मागचा पाय सुजला होता आणि गुडघ्याखाली तो स्वतःच्या इच्छेनं हलत नव्हता. मी भिंगाखाली कातडी पाहिली. घोट्याच्या थोडं वर बाहेरच्या बाजूनं एक बारीक, सरळ, लालसर रेघ होती. आतल्या बाजूनंही तशीच एक, पण जराशी वर. दोन्ही रेघांवरचे केस घासून गेले होते. जणू कुणी पाय दोन बारीक दोऱ्यांमध्ये धरून पिळला होता. तोंडाला, पुढच्या दातांना, हनुवटीला, छातीला काही लागलेलं नव्हतं. हातातून पडलेली पिल्लं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती जड डोक्यानं खाली येतात, त्यामुळे दात तुटलेले, ओठ फाटलेला, नाहीतर श्वास जोरात चाललेला असं काहीतरी असतंच. इथे सगळी इजा एका जागी होती.

एक्स-रेमध्ये नडगीचं हाड खालच्या तिसऱ्या भागात तिरकं मोडलेलं दिसलं. पाऊल एका जागी पक्कं अडकलं आणि अंग मात्र पुढे निघालं की हाड असं पिळून तिरकं तुटतं.

मग मी मुलीला जवळ बसवलं. चौथीत आहे ती. विचारलं, तू जिरूला उचललं होतंस का? मान हलवून हो म्हणाली. "पण मी उचललं ना, तेव्हा ती आधीच एक पाय वर धरून बसली होती. म्हणून तर उचललं." हे तिनं घरी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. आजीनं, आईनं, कुणी ते धरलंच नव्हतं. त्यात तिळूही आदल्या दुपारी पलंगाखाली सापडली होती आणि पिंजऱ्याचं दार उघडं ठेवल्याबद्दल तिला एकदा बोलणी बसली होतीच. गल्लीतली सगळी पोरं लाकडी नंदी सजवून मिरवत असताना ही घरात बसून होती, तिचा नंदी कपाटावरून खालीही उतरला नव्हता.

वडिलांच्या मोबाइलमध्ये एक व्हिडिओ होता. पोळ्याच्या रात्री कधीतरी बर्फी व्यायली. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी पिल्लं दिसली म्हणून त्यांनी कौतुकानं चाळीस-पन्नास सेकंद काढलेला तो व्हिडिओ. तो मी तीनदा पाहिला. पिल्लं चालत होती आणि प्रत्येक पावलाला मागचा पाय जाळीतून टाचेपर्यंत खाली जात होता. पिल्लू थांबे, पाय वर ओढे, पुढे टाके आणि पुन्हा तेच. मागे दुसरं एक मोठं जनावर कंबर हलवत, खोल आवाजात घुरघुरत बर्फीभोवती फेऱ्या मारत होतं. बर्फी पळायची, पिल्लं तिच्यामागे उधळायची.

"ही कोण?" मी विचारलं.

"ती जलेबी. दोघी बहिणी म्हणूनच दुकानदारानं दिल्या होत्या."

असं घुरघुरत फिरणं नराचं असतं. संध्याकाळी घरी येते म्हणून सांगितलं.

पिंजरा

एक गोष्ट मोकळेपणानं लिहायला हवी. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत मी अशी पिल्लं पट्टी बांधून घरी पाठवत होते आणि ती कशात राहतात हे विचारतही नव्हते. त्यातलं एक पिल्लू पंधरा दिवसांत दुसरा पाय मोडून परत आलं. तेव्हापासून पिंजरा पाहिल्याशिवाय मी उपचार पूर्ण झाले असं मानत नाही. निदान व्हिडिओवर तरी पाहतेच.

तो पिंजरा नागपुरात कुठेही मिळतो तसाच होता. लोखंडी तारेचा, दोन मजली, वर जायला तारेचीच उतरण, खाली सरकता पत्र्याचा ट्रे. सशांसाठी म्हणून विकतात. तळ जाळीचा, म्हणजे लेंड्या खाली ट्रेमध्ये पडतात आणि पिंजरा 'आपोआप स्वच्छ' राहतो. दुकानदारानं हाच त्याचा गुण म्हणून सांगितला होता. त्याच्या दृष्टीनं तो गुण आहेच, कारण झाडायचं काम वाचतं. जनावराच्या पायाचा विचार त्यात कुठेही नाही.

मी टेप लावली. तळाच्या जाळीचा चौकोन एक इंच बाय अर्धा इंच. पिल्लाचं मागचं पाऊल अर्ध्या इंचातून आरामात जातं. बाजूच्या गजांमधलं अंतर सव्वा इंच. तिळूला मी हातात धरून त्या गजांजवळ नेलं, तिनं नाक घातलं, डोकं घातलं आणि घरातले सगळे बघत असताना अंग सपाट करून सरळ बाहेर आली. दार बंदच होतं. आजी काही बोलल्या नाहीत. मुलीनं मात्र माझ्याकडे पाहिलं.

जिरूची जागाही सापडली. उतरणीच्या खालच्या टोकाशी, कोपऱ्यात, जाळीच्या एका सांध्याचं वेल्डिंग सुटलं होतं आणि तिथला चौकोन एका बाजूनं फाकला होता. तारेच्या टोकाला बदामी केसांचा इवलासा झुबका अडकलेला होता आणि त्याखाली मोहरीच्या दाण्याएवढा काळसर डाग. जिरूच्या मांडीवरचे केस बदामीच आहेत.

काय घडलं ते आता जुळत होतं. मादी व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा माजावर येते. नर जवळ असेल तर तो तिचा पाठलाग करतो. आई पळाली, तिच्यामागे पिल्लं पळाली, जिरूचा पाय फाकलेल्या चौकोनात गेला, अंग पुढे गेलं आणि पाय मागे राहिला. सगळं चार-पाच सेकंदांचं. मुलगी त्या वेळी झोपलेली असेल किंवा शेजारी उभी असेल, तिचा त्यात काही संबंध नव्हता.

मूळ जनावर समजून घेतलं की या पिंजऱ्यात नेमकं काय चुकतं ते दिसतं. गिनी पिग दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या प्रदेशात माणसाळलं. त्याचे रानातले भाऊबंद आजही गवतात वाटा पाडून राहतात. झाडावर चढणं, उड्या मारणं, तारेवर तोल सांभाळणं हे त्यांच्या अंगात नाही. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला तीन, तळवा उघडा आणि मऊ. मातीवर आणि गवतावर धावण्यासाठी केलेला तो पाय आहे. संकट आलं की क्षणात पळायचं, हेच त्यांचं संरक्षण. म्हणून तर पिल्लं धावायच्या तयारीनिशी जन्मतात. तारेच्या तळावर हीच तयारी त्यांच्यावर उलटते. उघडी-आंधळी पिल्लं घरट्यात पडून राहिली असती. ही पळतात, आणि पळतात म्हणून पाय मोडतात.

मोठ्या जनावरांचंही या जाळीवर भलं होत नाही. जलेबीच्या दोन्ही मागच्या तळव्यांना लाल, गुळगुळीत चट्टे आले होते. पुढे तिथे जखम होते, पू होतो, तो हाडापर्यंत जातो. या दुखण्याला महिनोन्‌महिने लागतात. जलेबी नर असल्याची खात्रीही मी तिथेच करून घेतली आणि त्याच रात्री त्याला वेगळ्या खोलीत हलवलं. त्याचं नाव मात्र मुलीनं बदलू दिलं नाही.

पायाचा इलाज

७२ ग्रॅमच्या जिवाची नडगी आगपेटीतल्या काडीहून फार जाड नसते. तिथे शस्त्रक्रियेचा प्रश्नच नव्हता. कान साफ करायच्या काडीची प्लॅस्टिकची दांडी कापली, टोकं घासून गुळगुळीत केली, पायाला कापसाचा पातळ थर दिला आणि गुडघा व घोटा दोन्ही हलणार नाहीत अशी कागदी चिकटपट्टीनं बांधली. बोटांची टोकं उघडी ठेवली, कारण पट्टी घट्ट झाली तर ती पहिल्यांदा बोटांवर कळते. वेदनेसाठी वजनावर मोजून औषध दिलं. हे घरच्या गोळीचा तुकडा पाडून करायचं काम नाही.

पट्टी बांधणं सोपं होतं, पुढचे दिवस अवघड. गिनी पिगच्या आईला सडं दोनच असतात. तीन पिल्लांमध्ये पाळी लागते आणि लंगडं पिल्लू मागे रेटलं जातं. वेगळं ठेवून ड्रॉपरनं दूध पाजायचा विचार ताईंनी बोलून दाखवला. मी नको म्हटलं. आईची ऊब आणि दूध याला तोड नाही, शिवाय जबरदस्तीनं पाजलेलं फुप्फुसात जायची भीती असते. त्याऐवजी दिवसातून तीन-चार वेळा मोहरी आणि तिळूला अर्ध्या तासासाठी बाजूला ठेवायचं आणि जिरूला आईजवळ एकटं सोडायचं ठरलं. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते असं आजींना वाटत होतं. पुष्कळांना वाटतं. गिनी पिगच्या बाबतीत ते खरं नाही, बर्फीनं एकदाही जिरूला दूर लोटलं नाही. उलट पट्टी चाटून चाटून ओली मात्र केली.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा कामी आला. सकाळ-संध्याकाळ वजन, वहीत नोंद, आणि ते काम मुलीकडे. जन्मानंतर पहिले दोन-तीन दिवस वजन जरा उतरतं, मग रोज साधारण तीन ते पाच ग्रॅमनं वाढायला हवं. जिरू आधी ७० वर गेली, मग ७१, मग ७५. पाचव्या दिवशी सकाळी मुलीनंच आईच्या फोनवरून मला कळवलं, "जिरूची बोटं जाडी दिसून राहिली." तासाभरात त्यांना बोलावलं. पट्टी ओली होऊन आकसली होती. सोडून पुन्हा सैल बांधली. एक दिवस उशीर झाला असता तर पंजा गमवावा लागला असता. एवढ्या लहान पिल्लाची पट्टी रोज पाहावी लागते, ती बांधून विसरता येत नाही.

सतराव्या दिवशी पट्टी काढली. एक्स-रेमध्ये हाडाभोवती नवं हाड धरलेलं दिसलं. लहान वयात हाड लवकर भरतं, हे एक निसर्गाचं देणं. पाय किंचित बाहेर वळलेला राहिला आहे. जिरू चालताना तो पाय जरा टेकवते, जरा उचलते. धावताना फरक कळत नाही.

नवं घर

पहिल्या रात्रीची सोय तातडीची होती : रिकाम्या टबमध्ये वर्तमानपत्रांचे जाड थर आणि वर फ्लीसचं जुनं पांघरूण. ताईंनी आधी टर्किश टॉवेल आणला होता, तो परत ठेवायला लावला. त्याच्या फासांत नखं अडकतात आणि सुटलेला एखादा दोरा पिल्लाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला की दिवसभरात बोट काळं पडतं. फ्लीसचे दोरे निघत नाहीत. भुसा घालायचा झाला तर धुळीचा आणि उग्र वासाच्या लाकडाचा नको, त्यानं श्वासाला त्रास होतो.

कायमचं घर वडिलांनी दोन रविवारी मिळून केलं. निवडणुकीत फलक करतात तो सनपॅकचा प्लॅस्टिकचा पत्रा, कडा वळवून तळ दोन फूट बाय चार फूट राहील एवढा घेतला. कडा आठ इंच उभ्या वळवल्या, त्यामुळे चारही बाजूंनी भरीव भिंत झाली आणि पिल्लाचं डोकं जाईल अशी फटच उरली नाही. वर इतवारीच्या बाजारातून आणलेली अर्धा इंची जाळी. जाळी कापली की तारांची टोकं सुईसारखी राहतात, ती नेमकी डोळ्याच्या उंचीवर येतात. ती बाहेर वळवून त्यांवर बागेच्या पाइपाचा चिरलेला तुकडा बसवला. वर झाकण, कारण गॅलरीतून मांजर येतं. घर जमिनीवरच ठेवलं, टेबलावर नाही. दुसरा मजला नाही, उतरण नाही. जागा आठ चौरस फुटांची, एका आईला आणि वाढत्या पिल्लांना धावता येईल एवढी.

ज्यांना लगेच नवं घर करणं जमणार नाही त्यांनी निदान जाळीच्या तळावर सनपॅक किंवा जाड पुठ्ठा नीट कापून बसवावा, कडेला फट न सोडता. पुठ्ठा भिजतो, रोज बदलावा लागतो. गजांसाठी मी पाच रुपयांच्या नाण्याची खूण सांगते : नाणं इंचापेक्षा थोडं लहान असतं, ते गजांमधून सपाट सरकून गेलं तर त्या पिंजऱ्यात पिल्लू ठेवायचं नाही. खालचा आठ इंचांचा पट्टा भरीव केला की तो पिंजराही चालतो.

जुन्या पिंजऱ्यातलं सामान आम्ही एकेक करून बाहेर काढलं. गवत भरायचा तारेचा गोळा पहिल्यांदा टाकला. त्याच्या फटीतून पिल्लू डोकं आत घालतं आणि कानांमुळे ते परत निघत नाही. गळा आवळून गेलेलं पिल्लू मी पाहिलेलं आहे. गवत जमिनीवर ढिगानं टाकावं, वाया गेलं तर जाऊ द्यावं. फिरतं चाक टाकलं, गिनी पिगचा कणा हॅमस्टरसारखा वाकत नाही आणि चाकाच्या कांड्यांत पाय जातो. पाण्याची खोल वाटी काढून बसकी, जड वाटी ठेवली आणि बाटलीची नळी पिल्लांच्या तोंडाला येईल एवढी खाली बांधली. लपायला पुठ्ठ्याचा खोका, दोन बाजूंनी दारं कापून. दोन दारं का, तर एकाच दाराशी मोठं जनावर अडलं की आतलं पिल्लू कोंडलं जातं, चिरडलं जातं. आजींनी माडीवरून संत्र्याची लाकडी पेटी आणून दिली होती, पण तिचे खिळे आतून बाहेर आलेले होते.

तणस, म्हणजे भाताचा पेंढा, तीही बदलली. आपल्याकडे धानाची तणस सहज मिळते म्हणून लोक ती अंथरतात, पण तिची कडक टोकं पिल्लांच्या डोळ्यांत जातात. डोळा पांढरट झाला, पाणी यायला लागलं की समजावं. त्याऐवजी औषध न फवारलेली हरळी धुऊन, शिवाय मऊ वाळलेलं गवत. गाभण आणि दूध पाजणाऱ्या मादीला आणि पिल्लांना थोडा लसूणघास (ल्युसर्नचा चारा) चांगला, त्यात हाडांना लागणारं कॅल्शियम असतं.

हाडांवरून खाण्याकडे येते. बर्फीला दोन महिने ज्वारी-बाजरीचे दाणे, काकडी आणि गाजर मिळत होतं. दुकानातून सुट्ट्या पिशवीत आणलेल्या गोळ्यांवर तारीखच नव्हती. गिनी पिगचं शरीर माणसासारखंच 'क' जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही. १९०७ मध्ये होल्स्ट आणि फ्रोलिख या नॉर्वेच्या दोन संशोधकांना स्कर्व्ही हा रोग प्राण्यात पहिल्यांदा दिसला तो गिनी पिगमध्येच. हे जीवनसत्त्व कमी पडलं की हिरड्या, सांधे, हाडं आणि जखम भरणं, सगळंच बिघडतं, आणि गाभण मादीची गरज नेहमीपेक्षा जास्त असते, किलोमागे दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या आसपास. गोळ्यांतलं 'क' जीवनसत्त्व तीनेक महिन्यांत बरंचसं उडून जातं. पाण्यात औषध टाकूनही उपयोग नाही, तिथेही ते टिकत नाही. बर्फीसाठी रोज पाव ढोबळी मिरची, थोडा सांबार (कोथिंबीर) आणि जाम (पेरू) मिळतील तेव्हा जामाची एक फोड असं ठरवलं. संत्र्याचं आजींनी आवर्जून विचारलं, नागपुरात कोण नाही विचारणार! एखादी फोड कधीतरी चालते, रोज नाही, साखर जास्त होते.

आणि मुलीचे हात. पिल्लाला उचलायचंच नाही असा नियम आजींना हवा होता. मला तो पटला नाही. माणसाच्या हाताची सवय झालेलं पिल्लू पुढे दचकून उडी मारत नाही. नियम असा केला : जमिनीवर मांडी घालून बसायचं, मांडीवर फ्लीस, एका हातानं छातीखाली आणि दुसऱ्यानं मागून आधार, उभं राहायचं नाही, सोबत मोठं माणूस. हे तिनं मला करून दाखवलं, मोठ्यांपेक्षा नीट.

पुढे

तिसऱ्या आठवड्यात पुन्हा लिंग तपासलं. मोहरी नर, जिरू आणि तिळू माद्या. एकविसाव्या दिवशी मोहरीला त्याच्या वडिलांकडे, म्हणजे जलेबीच्या घरात हलवलं. नर पिल्लू तीन आठवड्यांनंतर आईजवळ आणि बहिणींजवळ ठेवायचं नाही, त्या वयात ते प्रजननक्षम व्हायला लागतं. हे ऐकून घरचे चकित झाले होते. दुकानात नर-मादी एकाच पेटीत ठेवून 'दोघी बहिणी' म्हणून विकणं थांबलं तर माझ्याकडे येणारी निम्मी प्रकरणं येणारच नाहीत असं मला वाटतं. २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांत कुत्र्या-मांजरांसोबत गिनी पिगही आहे, हे विकत घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

जलेबीला वेगळं केलं तोवर उशीर झाला होता. बर्फी त्याच सकाळी पुन्हा गाभण राहिली होती. लागोपाठचं गाभणपण आईला झिजवतं, म्हणून तिचं वजन आणि खाणं आम्ही फार जपलं. दिवाळीत ती व्यायली, दोन पिल्लं, दोन्ही धडधाकट. या वेळी तळ सपाट होता, नर घराच्या दुसऱ्या टोकाला होता आणि रात्री कुणीही कुणाच्या मागे धावलं नाही. उन्हाळ्याची काळजी पुढे आहेच. नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो आणि या जनावरांना तिशीच्या पुढेच धाप लागते. गॅलरीतला लोखंडी पिंजरा तर मे महिन्यात तवाच होतो. ते घर आता कूलरच्या खोलीत, पण थेट झोताबाहेर जाईल असं ठरलं आहे.

दिवाळीनंतर नव्या पिल्लांना दाखवायला ते आले. मुलीच्या हातात वजनांची वही आणि एक प्लॅस्टिकची फाइल. मी आत पाहिलं. सर्वांत वर जिरूचा केस पेपर होता. पट्टी काढली त्या दिवशी तिनं तो माझ्याकडून मागून घेतला होता. 'हातातून पडल्याने' हे शब्द त्यावर आडव्या रेघेनं खोडलेले आणि खाली माझ्याच अक्षरात : 'पिंजऱ्याच्या जाळीत पाय अडकून.' त्याच्या खाली, पेन्सिलनं, थरथरत्या वळणाचं एक अक्षर होतं. आजींची सही.